अवस नको, वाळू नको: देवगडजवळ तारे पाहायला जागा शोधली त्याची गोष्ट

देवगडात राहणाऱ्याला तारे कुठून पाहायचे हा प्रश्न पडावा, याचंच बाहेरच्यांना नवल वाटतं. समोर अख्खा अरबी समुद्र आहे, मोठं शहर जवळपास नाही. वाळूवर जाऊन मान वर केली की झालं. मीही कित्येक वर्षं पाहुण्यांना हेच सांगत आलो: अमावास्येच्या आगेमागे या आणि किनाऱ्यावर बसा. गेल्या हिवाळ्यात मात्र एकोणीस जणांना आकाश दाखवायचं माझ्याकडे आलं. त्यांत अकरा शाळकरी मुलं आणि सत्तरी ओलांडलेले दोघे होते. जागा आणि रात्र नक्की करायला बसलो, तेव्हा या सल्ल्यातले दोन्ही भाग एकेक करून गळून पडले. ते का गळले आणि शेवटी आम्ही कुठे, कोणत्या तिथीला बसलो, ते इथे लिहून ठेवतो. कोकणपट्टीवरच्या दुसऱ्या एखाद्या गावात कुणी असाच खटाटोप करत असेल, तर त्याचे दोन महिने वाचावेत.

आधी हवं काय होतं ते सांगतो. देवगड साधारण १६.४ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे दहा अंश झाकते, त्या हिशेबाने दीड मूठ. उत्तरेकडे हात आखडता घेतलेलं हे आकाश दक्षिणेकडे त्याची भरपाई करतं. अगस्तीचा तारा इथून दक्षिणेला एकवीस अंशांपर्यंत चढतो, चांगल्या दोन मुठी. दिल्लीवाल्यांना तो नऊ अंशांच्या आतच दिसतो. त्रिशंकू या चार ताऱ्यांच्या समूहातला तळाचा तारा आपल्याकडे साडेदहा अंश वर येतो. तेव्हा आपली खरी श्रीमंती दक्षिण क्षितिजालगत आहे. मुलांना मी तेच दाखवायचं ठरवलं होतं, आणि जागेची पहिली अट त्यातूनच आली: दक्षिण मोकळी आणि काळी हवी.

ही अट दिसते तेवढी सोपी नाही. डोक्यावरच्या ताऱ्याचा उजेड हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या पाच-साडेपाच पट हवा दहा अंशांवरच्या ताऱ्याला ओलांडावी लागते. त्यात आपली हवा दमट आणि खारी. त्या दिशेला गावाच्या दिव्यांचा उजळ घुमट असला, तर तिथले तारे जवळजवळ पुसले जातात, मग डोक्यावर कितीही काळोख असो. ‘काळोखी जागा’ हा शब्द म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या बाजूने काळोखी, हे विचारायला हवं.

उपग्रहाच्या प्रकाशनकाशापासून सुरुवात केली, कारण तो घरबसल्या मिळतो. त्याने फार मदत केली नाही. आपला पट्टा बहुतेक एकाच रंगाचा दिसतो, आणि नकाशाचा एकेक ठिपका पाऊण किलोमीटरचा. वळणावरचा एक उघडा दिवा अख्खी जागा नासवू शकतो, तो त्यात सापडत नाही. शिवाय ज्या उपकरणाच्या मोजमापावर हे नकाशे बनतात, त्याला निळा उजेड नीट दिसत नाही, आणि आताच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांत निळाच भाग मोठा असतो. हाच निळा उजेड हवेत सर्वांत जास्त विखुरतो. जुने पिवळे दिवे जाऊन पांढरे लागले, त्या गावांवरचं आकाश आपल्याला पूर्वीपेक्षा उजळ दिसतं आणि नकाशात मात्र ते तितकं उमटत नाही. मी नकाशा मिटला आणि स्कूटर काढली.

पहिली रात्र कार्तिकातल्या अमावास्येची होती, जागा वाळूची. देवगडहून तारामुंबरी, मिठमुंबरीवरून कुणकेश्वरकडे जाणाऱ्या बाजूला किनारा निवांत आहे. सातच्या पुढे बसलो. भाद्रपदांचा मोठा चौकोन डोक्यावर होता. त्याच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती तारे मोजता येतात, ही माझी नेहमीची परीक्षा. गावात एकही धड सापडत नाही. इथे पाच मोजले. देवयानीतली दीर्घिका डोळ्यांना धुक्याच्या पुसट डागासारखी लागली. मी खूश होतो. मग साडेनऊच्या सुमाराला लाटेचा आवाज बदलला, आणि साडेदहाला पिशवी, चटई, दुर्बीण असं सगळं उचलून मागच्या सुरूंमध्ये जावं लागलं. तिथून आकाश फांद्यांच्या फटींतूनच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी हे शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांची सगळी उमर रापणीत आणि छोट्या होडीवर गेली. ते म्हणाले, “अवसेक रात्री अकराक पाणी भरतला रे. तू पोरांका घेवन खय बसतलंस?” आणि त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. दुपारी एकदा आणि रात्री एकदा. त्यातही अवस-पुनवेला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. आकाश सर्वांत काळं असतं त्याच रात्री, मृग डोक्याकडे येऊ लागायच्या वेळी, वाळू सर्वांत अरुंद झालेली असते. गणित मला शाळेपासून माहीत होतं. ते आकाशदर्शनाला लावून पाहावं हे सुचलं नव्हतं.

काकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. किनाऱ्यावरून समोर, क्षितिजावर, पांढऱ्या दिव्यांची रांग दिसत होती. मी त्या बोटी ट्रॉलरच्या धरल्या होत्या. काका म्हणाले, त्यातल्या बऱ्याच जनरेटर लावून पाण्यावर उजेड टाकणाऱ्या. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, तरी ती थांबलेली नाही, आणि लहान मच्छीमारांचा तिच्यावरचा राग सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. मासे उजेडाकडे ओढायचे तर बाकी काळोख हवा. चांदण्या रात्री तो दिवा निकामी ठरतो. म्हणून या बोटीही अंधाऱ्या पंधरवड्यातच बाहेर पडतात. आम्हाला हव्या त्याच रात्री त्यांनाही हव्या असतात. ज्या दिशेला ‘काहीच नाही’ असं मी धरून चाललो होतो, तिथे खांब नव्हते एवढंच खरं होतं.

उरलेली अडचण माणसांची. दोन मुलांच्या आयांनी अमावास्येच्या रात्री पोरांना सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, पाठवायला स्पष्ट नकार दिला. कोकणात अवसेच्या रात्रीला स्वतःचं वजन आहे. देवचाराच्या वाटा, वेशी, राखणे हे घराघरांत पाळलं जातं. त्यावर वाद घालायला मी गेलो नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं. मुलांनी आकाश निर्धास्त मनाने पाहायला हवं, आणि घरी आई जागी बसली असेल तर मूल निर्धास्त राहत नाही. शिवाय आमचा मुख्य बेत माघ महिन्याचा होता. माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा. त्या दोन-तीन दिवसांत दक्षिणेकडचा रस्ता गाड्या, दुकानं आणि रोषणाईने भरून वाहतो. जत्रेच्या आनंदाची ती रात्र आहे, ताऱ्यांची नाही.

मग अमावास्या खरंच हवी का, हेच तपासलं. मुलांना आठ ते अकरा एवढंच बसायचं होतं. तेवढ्या वेळात चंद्र वर नसला की पुरे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. वद्य सप्तमी-अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो, दशमीला अडीच-तीनला. म्हणजे वद्य सप्तमीपासून संध्याकाळची सगळी रात्र आपलीच. दुसऱ्या बाजूने शुद्ध तृतीयेची कोर नऊच्या आत मावळते, आणि ज्यांना वाळूच प्यारी आहे त्यांच्यासाठी ही तिथी सोन्यासारखी आहे: तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमाराला, म्हणून रात्री साडेआठला ओहोटीची तळी. किनारा मैदानासारखा पसरलेला असतो आणि चंद्र जायच्या वाटेवर. अमावास्या धरून बसल्यामुळे महिन्यातल्या दहा-बारा चांगल्या संध्याकाळी आपण फुकट घालवतो.

तिथीचं असं सुटलं. जागेचं राहिलं होतं.

विजयदुर्गाचा मोह मोठा होता. देवगडहून तीसेक किलोमीटर, आणि खगोलाशी त्याचं नातं जुनं. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथेच लागला असं सांगतात. नोंदी पाहिल्या तर गोष्ट थोडी वेगळी लागते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, तेच काम साधलं, आणि त्यातल्या एका पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम हे नाव आलं. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. माझ्या दृष्टीने यात किल्ल्याचं काही उणं होत नाही. एवढ्या जगातून कुणीतरी याच कड्यावर तळ ठोकायला आलं, हेच मुलांना सांगण्यासारखं आहे. पण तो संरक्षित किल्ला आहे, काळोखात आत बसता येत नाही, आणि लहान मुलांना रात्री तीस किलोमीटर परत आणायचं, म्हणून बेत सोडला. दिवसा मात्र त्यांना नेऊन ओटे दाखवले.

घाट चढून वर जाण्याचाही विचार आला. वरची हवा कोरडी, दंव कमी. पण अंतर पाहून तो तिथेच थांबवला. गावाजवळची जागा शोधायची होती. जी पुन्हापुन्हा जाता येईल अशी.

उरला सडा. देवगडच्या उत्तरेला आणि पूर्वेला जांभ्याचे उघडे सडे आहेत, काही थेट समुद्राच्या डोक्यावर. मी डिसेंबर-जानेवारीत पाच सड्यांवर एकेक संध्याकाळ घालवली. एकावर दूरच्या एका देवळाच्या शिखरावरचा झोत डोळ्यांत येत होता. दुसऱ्यावर चिरेखाणी. या खाणी रात्री भयंकर आहेत. जांभा सरळ उभा कापलेला असतो, कठडा नाही, गवत काठापर्यंत आलेलं, आणि खाली दोन-तीन पुरुष खोल खड्डा. विजेरी लावून चालत असतानाही मी काठापासून चार पावलांवर थांबलो होतो. त्या सड्याच्या नावावर तिथेच काट मारली, आकाश कितीही चांगलं असलं तरी. एखाद्या सड्यावर मुलांना न्यायचं असेल तर आधी दिवसा सगळा फिरून पाहा. हे मी कळकळीने सांगतो.

आम्ही निवडला तो सडा गावापासून सात-आठ किलोमीटरवर, हापूसच्या एका बागेच्या मागे. पश्चिमेला आणि नैऋत्येला जमीन तुटून समुद्रात गेलेली. आपला किनारा किंचित आग्नेयेकडे सरकत खाली जातो, म्हणून अशा पुढे आलेल्या टोकावरून ठीक दक्षिणेला पाहिलं तर पाणीच येतं, आणि मालवणच्या बाजूचा उजाळा थोडा डावीकडे राहतो. अगस्ती आणि त्रिशंकू ठीक दक्षिणेला असतानाच सर्वांत उंच असतात. त्यांच्या पायाखाली गाव नाही, ही या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू. वाळूवरून हे साधलं नसतं, कारण तिथे दक्षिणेला पुढचं भूशिर आडवं येतं.

दंवाचं गणितही इथे बरं होतं. संध्याकाळी खारे वारे असतात तोवर हवा ओलसर राहते. रात्री मतलई वारे सुरू झाले की जमिनीकडची कोरडी हवा येते आणि आकाश धुतल्यासारखं होतं. खाडीकाठी आणि परसातल्या खोलगट भागात मात्र थंड हवा साचून पहाटे धुकं धरतं. सडा या धुक्याच्या वर राहतो. जांभा दिवसभर तापलेला असल्याने त्यावर दंवही उशिरा बसतं, पण त्याच कारणाने पहिले दोन तास मोठ्या दुर्बिणीतून गुरू थरथरत दिसतो. नुसत्या डोळ्यांना आणि १०×५० च्या दुर्बिणीला याचा काही उपद्रव नाही.

बोटींच्या उजेडाचं काय करायचं, हे मला जागेनेच शिकवलं. सड्याच्या कडेला कुणीतरी पूर्वी घातलेला गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, आहे, छातीएवढा. मी त्याच्यावर कोपर टेकून समुद्राकडे पाहत होतो तेव्हा दिवे डोळ्यांत भरत होते. थकून मागे दहा पावलांवर खाली बसलो आणि दिवे गायब झाले. गडगा क्षितिजावरची जेमतेम दोन-तीन बोटांची पट्टी खातो, आणि सगळ्या बोटी त्याच पट्टीत असतात. त्यानंतर डोळ्यांना खरा काळोख मिळाला. डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते, म्हणून हा गडगा माझ्या लेखी कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाचा ठरला. दहा पावलं मागे बसण्याचं दुसरं कारण फुरसं. गडग्याच्या फटी आणि सड्यावरचे सुटे दगड ही त्याची घरं. सगळ्यांना बूट, बसायला खुर्च्या, एकही दगड हलवायचा नाही, आणि लाल कागद लावलेली विजेरी पायाशी धरूनच चालायचं, हे नियम घालून दिले.

परवानगीची पायरी अनेकजण गाळतात. सडा ओसाड दिसला म्हणून बिनमालकीचा नसतो. सातबाऱ्यावर बावीस नावं निघाली, त्यातली निम्मी मुंबईला. मग ज्यांच्या बागेतून वाट जाते त्या बागवाल्यांकडे गेलो, ते भावकीतल्या दोघांशी बोलले, आणि पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. मोहोर आल्यापासून बागांत रात्रीची राखण असते. अंधारात एकोणीस माणसं कुजबुजत चालली तर राखणदाराने काय समजावं? त्यालाही आधी भेटून आलो. तो नेपाळचा, गेली सहा वर्षं हंगामाला येणारा.

बागवाल्यांच्या मांगरावर, म्हणजे बागेतल्या खोपीवर, एक दिवा होता, चारी बाजूंना उजेड फेकणारा. तो रात्रभर बंद ठेवा असं मी म्हणू शकत नव्हतो. राखणीला तो हवाच. त्यांना एवढंच विचारलं की उजेड तुम्हाला जमिनीवर हवा की आभाळात. पेंचच्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली, ती महाराष्ट्रात, हे सांगितल्यावर ते कौतुकाने ऐकत राहिले. दोन दिवसांनी त्यांनी पत्र्याच्या डब्याचं टोपरं करून दिव्यावर बसवलं आणि बल्ब पिवळा लावला. खाली उजेड वाढला, असं तेच म्हणाले. आणि सड्यावरून तो दिवा दिसेनासा झाला.

माघ वद्य दशमीला शनिवार आला. पावणेआठला संधिप्रकाश पूर्ण संपला आणि पश्चिमेला, समुद्रावरून वर, एक तिरका फिकट पट्टा उभा राहिलेला दिसला. रेवती-अश्विनीतून थेट कृत्तिकांकडे गेलेला. एका मुलीने विचारलं, “सर, हा कुठल्या गावाचा उजेड?” तो राशिचक्रीय प्रकाश होता, ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेलं ऊन. अमेरिकेतले हौशी आकाशनिरीक्षक बोर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाच्या नऊ पायऱ्या मांडल्या, त्यांत हा प्रकाश दिसणं ही चांगल्या आकाशाची खूण आहे. मी वीस वर्षं देवगडात राहतो, तो मी इथून पहिल्यांदा पाहिला. कृत्तिका गावात मला पाच दिसतात, तिथे सात मोजल्या, मुलांनी आठ. सव्वानऊच्या पुढे अगस्ती ठीक दक्षिणेला आला. सगळ्यांनी हात लांब करून मुठी लावल्या: दोन. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीत झालं होतं. त्यांनी मूठ लावली नाही, नुसतं पाहत बसले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “ह्येका आमी रोज बघी होतंव.”

त्रिशंकू त्या रात्री मिळणार नव्हता. फेब्रुवारीच्या मध्यापुढे तो पहाटे तीन-साडेतीनच्या सुमाराला दक्षिणेला येतो. त्यासाठी एप्रिलच्या मध्यावर, चैत्र वद्य सप्तमीला, आम्ही नऊच जण पुन्हा गेलो. हवा तोवर बिघडलेली असते. भाजावळीचा धूर, वाढलेला दमटपणा, आणि बागांत काढणीची धावपळ. साडेअकराच्या सुमाराला तो पाण्यावर सरळ उभा राहिला, तळाचा तारा एक मूठभर उंचीवर, किंचित तांबूस, डावीकडे खाली मित्र नावाचा तारा. डोक्यावर स्वच्छ होतं, खाली दुधाळ; तरी चारही तारे वेगळे ओळखता आले. फेब्रुवारी-मार्चची पहाट याहून चांगली ठरेल असा माझा अंदाज आहे, आणि पुढच्या वर्षी मोठ्या मुलांना घेऊन ती धरायची आहे.

आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा राखणदार विजेरी विझवून आमच्यात येऊन बसला. मुलं त्याला ध्रुव दाखवायला लागली. त्याने उत्तरेकडे बरंच खाली पाहिलं आणि मान हलवली. आमच्या गावी हा एवढा खाली नसतो, म्हणाला, आणि हात लांब करून मूठ लावली. मुलांनी लावली तशीच. इथे दीड भरली. मग त्याने तिच्यावर आणखी एक मूठ चढवली, वर थोडी जागा सोडली आणि म्हणाला, “इधर. घरपे इधर होता है.”